भरदुपारचा धूर

बाळकुम, ठाणे
दिनांक ९ फेब्रुवारी १९९०

रा. रा. गुणाजी सीताराम केणी यांस,
मुक्काम मोहने, कल्याण

सप्रेम नमस्कार. येथे सर्व कुशल आहे. आपल्या भगिनी आवडाबाई यांचा गुडघा थंडीमुळे थोडा धरतो, एरवी त्यांची प्रकृती उत्तम. तिकडे आपण, सौ. गोदा व मुले सुखरूप असाल असे धरून चालतो.

आपले दिनांक ५ चे कार्ड पोहोचले. चिटणीस परशुराम यांनी ते कार्यकारिणीपुढे मोठ्याने वाचले. बाळकुम चित्रपट रसिक मंडळाच्या सभासदत्वाचा आपण दिलेला राजीनामा खेदपूर्वक मंजूर करण्यात आला आहे. अकरा वर्षे आपण कारखान्याची पाळी सांभाळून, मोहन्याहून दोन वाहने बदलून दर सभेस हजर राहिलात. आपल्यासारखा चित्रपट बारकाईने पाहणारा सभासद मंडळास लाभला, याबद्दल अध्यक्ष या नात्याने मी आपला मनापासून आभारी आहे. हे वाक्य मी उपचार म्हणून लिहिलेले नाही.

तथापि रविवारच्या सभेविषयी गावात उलटसुलट बोलले जात असल्यामुळे काही गोष्टी लेखी असाव्यात असे मला वाटते.

माघी गणपतीनंतरच्या रविवारी आपले मंडळ वर्षातील उत्कृष्ट हाणामारीच्या चित्रपटास मानपत्र, शाल व श्रीफळ देते. ते निर्मात्याच्या कचेरीत टपालाने जाते. आजवर एकाच निर्मात्याचे उत्तर आले, ते काचेच्या चौकटीत गावदेवीच्या मंडपात लावलेले आहे. तेव्हा आपले पारितोषिक लहान असले, तरी ते पोरखेळ नव्हे.

यंदा 'बिजली का मुक्का' आणि 'नमक का किला' या दोन चित्रपटांना समान मते पडली. निर्णायक मत अध्यक्षाचे असते. ते मी 'बिजली का मुक्का'स दिले, कारण त्यातील प्रत्येक ठोसा ठोशासारखा होता. 'नमक का किला'विषयी माझे मत आजही तेच आहे. अलीकडच्या छायाचित्रकारांना पडद्यावर धूर सोडण्याची सवय लागली आहे. गेली तीन वर्षे मी हे सांगत आलो. शेवटची एवढी मोठी मारामारी मिठागरावर ठेवायची आणि सर्वत्र पांढरा धूर करून कोण कोणास मारतो हे कळू द्यायचे नाही, याला कला म्हणावे हे माझ्या बुद्धीस पटत नाही. मी तीस वर्षे मिठागरावर मुकादमी केली आहे. मिठागर कसे दिसते हे मला कोणी शिकवू नये.

आपण भर सभेत, "दाजी, भरदुपारची मारामारी हाय, त्यान धूर कंचा?" असे विचारलेत आणि सभा हसली. पुढे आपण "तो लाल रुमाल तरी" एवढे बोलून मध्येच खाली बसलात. त्यानंतर आपल्या चष्म्याविषयी माझ्या तोंडून एक वाक्य गेले. सभेच्या ओघात असे होते. जाणत्या माणसाने ते मनावर घेऊ नये.

मंडळाची दोन जुनी चित्रपट मासिके आपल्याकडे आहेत, ती सवडीने पाठवावीत.

आपला,
दामाजी नामा भोईर
अध्यक्ष, बाळकुम चित्रपट रसिक मंडळ

---

बाळकुम
दिनांक २४ ऑक्टोबर १९९०

गुणाजीराव यांस नमस्कार,

दिवाळी येथे यथास्थित पार पडली. आमच्या घरामागील शेतात आता इमारतीचे खांब उभे राहिले आहेत, त्यामुळे उजेड कमी झाला आहे. मासिके मिळाली, आभारी आहे. अक्षर मोठे व ओळी किंचित उतरत्या वाटल्यास क्षमा असावी. टाक नवा आहे, आणि विजेचा दाबही हल्ली फार कमी असतो.

हे पत्र मंडळाचे नाही. मंडळाचा शिक्का मी मुद्दाम मारलेला नाही.

भाऊबीजेस तुम्ही आला नाहीत. लग्नानंतर बेचाळीस वर्षांत असे प्रथमच घडले. तुमच्या बहिणीने सकाळीच पाट मांडला. मी म्हटले, कारखान्यात पाळी असेल. ती म्हणाली, "पाली व्हती तरी दरसाल येत व्हता. रातपाली करून न झोपता येत व्हता." दुपारी तिने ताट झाकले. संध्याकाळी चंद्राला ओवाळले आणि मला म्हणाली, "तुमचं मंडल, तुमचा शिनेमा. त्यान माझा भाव कशाला ओढलात?" हे तिचे शब्द ती बोलली तसेच लिहिले आहेत, कारण ते सुधारून लिहिण्याचा मला अधिकार वाटला नाही.

माझे चित्रपट पाहणे सध्या बंद आहे. ठाण्यातील टॉकीजमधला दिवा पूर्वीसारखा राहिलेला नाही. व्हिडिओचे चित्र तर मुळातच पुसट. मंडळातले धोंडीबा व भिवा दर आठवड्यास जाऊन येतात आणि मला गोष्ट सांगतात. भिवाचे म्हणणे असे, की छायाचित्रणासाठी मंडळाने वेगळे मानपत्र ठेवावे. ही सूचना तुमचीच होती, आणि ती मीच दोनदा फेटाळली. हाणामारीचा चित्रपट मुठीने ठरतो, असे मी तेव्हा म्हटले होते. भिवाला मी अजून होय किंवा नाही म्हटलेले नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. त्या सभेत तुम्ही वाद जिंकत होता. सभा तुमच्या बाजूने झुकली होती. तुमचा मला एकच प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि तो विचारला असतात तर मला उत्तर देता आले नसते. तुम्ही तो का सोडलात?

याचे उत्तर द्यावे असा आग्रह नाही. बहिणीस मात्र दोन ओळी लिहाव्यात.

दामाजी नामा भोईर

---

बाळकुम
दिनांक २४ जानेवारी १९९१

प्रिय गुणाजी,

अनेक आशीर्वाद. आवडाबाईचा गुडघा बरा आहे. परवा तिने कालवांचे कालवण केले होते, ते मी कवचांचे कण स्वतः निवडून काढत खाल्ले. माझे अक्षर आता पूर्वीच्या मापावर आले आहे, हे तुझ्या लक्षात आलेच असेल. टाक तोच आहे.

तुला "तू" म्हणून लिहीत आहे. बोलताना मी नेहमी असेच म्हणत आलो. पत्रात "आपण" आणि "तुम्ही" लिहिले, ते आदराने नव्हे, तर तुला अंगणाबाहेर उभे ठेवण्यासाठी. व्हर्नाक्युलर चौथीच्या गुरुजींनी आम्हांस पत्रलेखन उत्तम शिकवले होते. त्याचा असा उपयोग होईल असे त्यांना वाटले नसेल.

नोव्हेंबरात तुझे पाकीट आले. वर नाव बहिणीचे होते. तिला अक्षर येत नाही, हे तुला ठाऊक. तिच्या नावाचे पत्र घरात मीच वाचतो, हेही तुला ठाऊक. पाकीट जाड लागले. उघडले, तर जुन्या कॅलेंडरची पाने. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तू काळ्या रंगाने, कुंचल्याने लिहिले होतेस. एकेक अक्षर माझ्या पंजाएवढे. एका पानावर तीन-चार शब्दच मावले होते. मी ती पाने ओसरीवर, भर उन्हात ओळीने मांडली आणि गुडघ्यांवर बसून एकामागून एक वाचली.

"बाय, दाजींना घेऊन कल्याणला जा. डोळ्यांच्या डॉक्टरांशी मी बोललो आहे. मंगळवारी दहा वाजता. मोतीबिंदू आहे, बरा होतो. मी येणार नाही. मी आलो तर लोक विचारतील."

सात पाने होती. कोणाकडूनही वाचून घेण्याची गरज पडू नये, म्हणून तू ती तशी लिहिलीस. गुणाजी, मला आयुष्यात मानपत्रे मिळाली आहेत. ग्रामपंचायतीचे आहे, मिठागराच्या मालकाचे आहे. ती सात पाने मी त्यांच्यासोबत ठेवली आहेत.

आता सांगायचे ते सांगतो.

मला तीन वर्षे नीट दिसत नव्हते. पहिले वर्ष मला ते कळले नाही. मला खरोखरच वाटत होते, की नवे चित्रपट धुरात काढतात. तेव्हा पडद्यावर धूर सोडतही असत, त्यामुळे माझा समज पक्का झाला. मी त्यावर सभेत भाषणे केली. 'छायाचित्रणातील धुराचा अतिरेक' या विषयावर मी पाऊण तास बोललो, ते तुला आठवत असेल. भिवाने टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या वर्षी एका सकाळी तुळशीवृंदावनाभोवती तोच धूर दिसला. आवडाबाई पाणी घालत होती. मी तिला विचारले, "चूल अंगणात कोणी पेटवली?" ती म्हणाली, "कोनी नाय." त्या दिवसापासून मला ठाऊक होते.

ठाऊक असूनही मी अध्यक्षाच्या खुर्चीवर बसत राहिलो. चित्रपट मी कानाने पाहत होतो. ठोशाचा आवाज मोठा तो चित्रपट चांगला, असा माझा न्याय होता. 'बिजली का मुक्का'ला मत दिले, ते त्यामुळेच. त्यातला नायक कसा दिसतो हे मला आजही सांगता येणार नाही.

सभेत तू लाल रुमालाचा प्रश्न विचारण्यास उभा राहिलास, तेव्हा परशुरामने माझ्यापुढे चहा ठेवला होता. मी हात पुढे केला आणि कप सापडेना. माझा हात शाईच्या दौतीकडे गेला. तू बोलता बोलता वाकलास, जणू टेबलावरचा कागद घ्यायचा आहे असा, आणि कप माझ्या बोटांखाली सरकवलास. मग म्हणालास, "माझं बोलनं संपलं." कोणाच्या लक्षातही आले नाही.

मला कळले, की तुला कळले.

आणि मग मी काय केले, ते हातचे न राखता लिहितो. तू दिलेला कप हातात असताना मी सभेला म्हणालो, "बाटलीच्या बुडाएवढ्या भिंगांतून बघणाऱ्याने मला शिनेमा दाखवू नये." सभा हसली. धोंडीबा तर मांडी थापटून हसला. तू चष्मा काढलास, धोतराच्या सोग्याने पुसलास, पुन्हा लावलास आणि चपला घालून गेलास. पहिल्या पत्रात मी त्याला सभेचा ओघ म्हटले. ओघ नव्हता तो. मला भीती वाटली होती. तू बोलशील अशी नव्हे. तू बोलणार नाहीस, आणि यापुढे जन्मभर मला तुझ्यासमोर सांभाळलेला माणूस म्हणून बसावे लागेल, याची भीती. म्हणून मी आधी वार केला.

कल्याणला आम्ही गेलो. गावात सांगितले, की नाशिकला सोयऱ्यांकडे जात आहोत. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी विचारले, "आजोबा, इतके दिवस काय करत होता?" आवडाबाई म्हणाली, "शिनेमाचा न्याय करत व्हते." डॉक्टरांना ते कळले नाही, ते बरे झाले. डाव्या डोळ्याचे काम झाले आहे, उजव्याचे उन्हाळ्यात होईल. गेल्या पंधरवड्यात चष्मा मिळाला. भिंगे जाड आहेत. तुझ्याहून जाड आहेत. आरशात पाहिले तेव्हा माझेच वाक्य मला ऐकू आले.

चष्मा मिळाल्यावर चौथ्या दिवशी भिवाकडून 'नमक का किला'ची कॅसेट आणि त्याचा व्हिडिओ मागवला. दुपारी खिडक्या लावून आवडाबाई आणि मी पाहिला. शेवटच्या मारामारीला ती म्हणाली, "अवं, ये तं आपलं मिठागर!" आपले नव्हे, पण तिला तसे वाटले, यातच सर्व आले.

गुणाजी, त्यात धूर नाही. एक कणही नाही. भर माध्यान्ह आहे, मिठाचे ढीग आहेत, दोघांचे कपडे पांढरे, आकाशसुद्धा पांढरे, आणि फक्त खलनायकाच्या गळ्यात तो लाल रुमाल. कॅमेरा जागचा हलत नाही. रुमाल जिकडे जाईल तिकडे आपली नजर जाते, आणि एका क्षणी रुमाल दिसेनासा झाला तेव्हा आवडाबाईने माझा दंड धरला. मिठागरावर आम्ही कामगार त्या वेळेला डोळे मिटून झोपडीत बसत असू, कारण मीठ डोळ्यांत सुयांसारखे लागते. त्या माणसाने नेमकी तीच वेळ निवडली. जी चमक आम्ही जन्मभर टाळली, तीच त्याने मांडली. असे छायाचित्रण मी पाहिलेले नाही. तू बरोबर होतास.

एक आक्षेप मात्र नोंदवून ठेवतो. नायक मिठाच्या वाफ्यात बूट घालून धावतो. कोणताही मुकादम हे चालू देणार नाही. बुटाने वाफ्याचा तळ फुटतो आणि मीठ काळे येते. तू या मुद्द्यावर माझ्याशी वाद घालू नयेस.

गेल्या रविवारी, वीस तारखेस, मंडळाची वार्षिक सभा झाली. मी उभा राहिलो आणि वर लिहिले तेवढे सर्व सांगितले. कपाचेही सांगितले. मग परशुराम म्हणाला, "अध्यक्ष, मग तीन वर्सांचे सगले निकाल रद्द करायचे का?"

भिवा म्हणाला, "म्हंजे त्या धुराच्या भाषनाला मी टाल्या वाजवल्या, त्या परत घ्यायच्या?"

आणि धोंडीबा, ज्याला तू ओळखतोसच, तो म्हणाला, "आरं, दाजींनी शिनेमा बगितलाच नाय, नुस्ता आयकून मानपत्र दिलं! रेडिओवाल्यांना कलवा, बक्षीस त्यांचं व्हतं!"

सभा हसली. गेल्या वर्षी ज्या आवाजात तुला हसली, त्याच आवाजात. मी उभाच राहिलो. ते हसणे माझ्या वाट्याचे होते, ते मी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

मी राजीनामा दिला. धोंडीबाने तो माझ्या हातातून घेतला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "खाली बसा वो. आत्ता कुठं दिसाया लागलंय." तरीही मी त्या खुर्चीवर बसलो नाही, सतरंजीवर बसलो. सभेने ठराव केला. 'नमक का किला'च्या छायाचित्रणास वेगळे मानपत्र द्यायचे, आणि यापुढे दरवर्षी ते पारितोषिक ठेवायचे. मानपत्राचा मजकूर मी लिहिला आहे. त्यात "हा चित्रपट प्रथम योग्य रीतीने पाहणारे सभासद श्री. गुणाजी सीताराम केणी यांच्या सूचनेवरून" असे वाक्य आहे. मुंबईच्या त्या छायाचित्रकारास हा गुणाजी कोण, असा प्रश्न पडेल. पडू दे.

घरी आल्यावर आवडाबाईस सर्व सांगितले. मला वाटले होते, ती समाधान पावेल. ती भाकऱ्या थापत होती. वर न पाहता म्हणाली, "तुमचे डोले आले, तुमचं मंडल ऱ्हायलं, त्या कॅमेरावाल्याला बी बक्षीस भेटलं. मना काय भेटलं?"

याचे उत्तर मानपत्रात लिहिता येण्याजोगे नाही.

तेव्हा गुणाजी, मी ठरवले आहे. जावयाने बोलावणे आल्याखेरीज सासरच्या माणसांच्या दारी जाऊ नये, हा नियम मी बेचाळीस वर्षे पाळला. तुझ्या वडिलांच्या हयातीत पाळला, तुझ्या लग्नातही मानाने बोलावल्यावरच आलो आणि पाय धुऊन घेतल्यावरच घरात आलो. येत्या रविवारी तो मोडतो. सकाळी आवडाबाईस घेऊन मोहन्यास येत आहे. पाय धुण्यास पाणी काढू नये. भाऊबीज टळून तीन महिने झाले, पण ती ओवाळणीचे ताट घेऊनच निघणार आहे. तिथी कोणती, हे तिने मला विचारलेले नाही, आणि मीही सांगणार नाही.

तू कामावर गेला असशील, तर आम्ही पायरीवर बसू. दार लावून घेतलेस, तरी बसू. सौ. गोदाला सांग, की दाजी भांडायला आलेले नाहीत. तू मला क्षमा केलीस की नाही, हे तू तोंडाने सांगावेस अशी माझी अपेक्षा नाही. तू दार उघडशील तेव्हा मला तुझा चेहरा दिसेल. तीन वर्षे तो मला दिसला नव्हता.

बोलावण्याची वाट न पाहता येणारा,
तुझा दाजी